रोम कुणी पाडलं?

रोमचं पडकं कलोझियम आणि फोरममधले उघडे खांब पाहिले की अनेकांना वाटतं, हे सगळं रानटी टोळ्यांनी केलं. त्या उत्तरेकडून आल्या, त्यांनी शहर लुटलं, जाळलं आणि इमारती जमीनदोस्त केल्या. या समजुतीला आधार आहे तो दोन खऱ्या घटनांचा. इ.स. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं आणि ४५५ मध्ये वँडलांनी. पण गॉथ शहरात अवघे तीन दिवस होते आणि वँडल सुमारे दोन आठवडे. त्यांना हवं होतं सोनं, चांदी, धान्य आणि ओलीस. प्रचंड दगडी भिंती पाडायला वेळ, माणसं आणि अवजारं लागतात, आणि पाडून लुटारूच्या हाती काहीच लागत नाही. दगडाची गरज असते ती तिथेच राहून घर बांधणाऱ्याला. रोमच्या वास्तूंचा ऱ्हास समजून घ्यायचा तर आधी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

याचा सर्वांत भक्कम पुरावा रोमच्याच कायद्यात आहे. वँडलांच्या लुटीनंतर तीनच वर्षांनी, ४५८ मध्ये, सम्राट मायोरियनने जुन्या सार्वजनिक इमारती पाडून त्यांचा माल खासगी बांधकामाला वापरण्यावर बंदी घातली. अशी परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला पन्नास पौंड सोन्याचा दंड होता, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांना फटके मारून त्यांचे हात तोडण्याची शिक्षा होती. इतका कडक कायदा शत्रूसाठी कुणी करत नाही. तो आपल्याच माणसांना आवरण्यासाठी होता. शिवाय ही सवय रोमच्या पडत्या काळातली म्हणावी, तर तसंही नाही. ३१५ मध्ये उभारलेल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या काळातली शिल्पं काढून बसवलेली आहेत. साम्राज्य उभं असतानाच जुन्याचा माल नव्याला वापरला जात होता.

कलोझियमची भिंत जवळून पाहिली तर दगडांच्या सांध्यांवर असंख्य खोल भोकं दिसतात. ती शस्त्रांच्या घावांची नाहीत. दगड एकमेकांना धरून ठेवणारे लोखंडी आकडे तिथे होते. मध्ययुगात धातू महाग झाला, तेव्हा लोकांनी दगड पोखरून ते काढून घेतले. पुढे १३४९ च्या भूकंपात दक्षिणेची बाहेरची बाजू कोसळली आणि त्या ढिगाऱ्याची खाणच झाली. १४५२ मध्ये एका वर्षात तिथून अडीच हजार गाड्यांच्या आसपास दगड पोपच्या बांधकामांसाठी वाहून नेला गेला. फोरममधला संगमरवर तर भट्ट्यांत भाजून त्याचा चुना केला गेला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आक्रमणांनी काहीच झालं नाही का? झालं. फोरममधल्या बॅसिलिका एमिलियाच्या फरशीत वितळलेल्या नाण्यांचे हिरवे डाग आजही दिसतात, आणि ती आग ४१० ची असावी असं मानलं जातं. ५३७ च्या वेढ्यात गॉथांनी जलवाहिन्या तोडल्या आणि भव्य स्नानगृहं कोरडी पडली. त्याआधी आफ्रिकेतलं धान्य वँडलांच्या हाती गेलं होतं. एके काळी दहा लाखांच्या घरात असलेली वस्ती काही दहा हजारांवर आली. म्हणजे आक्रमणांनी शहराचा पैसा, पाणी आणि माणसं हिरावली. वास्तू मात्र पुढच्या हजार वर्षांत शहरवासीयांनीच उतरवल्या. त्यांना अडाणी म्हणणंही अन्याय ठरेल. एवढ्याशा वस्तीला पन्नास हजार प्रेक्षकांचं कलोझियम सांभाळणं शक्य नव्हतं, आणि दगड तर समोरच पडलेला होता.

मग काही वास्तू शाबूत कशा राहिल्या? ज्यांना नवं काम मिळालं, त्या टिकल्या. हेड्रियनच्या काळातलं पँथिऑन ६०९ मध्ये चर्च झालं, म्हणूनच त्याचा ४३ मीटर व्यासाचा, सळ्यांविना ओतलेला काँक्रीटचा घुमट आजही डोक्यावर आहे. तरी छपरावरचे ब्राँझचे पत्रे ६६३ मध्ये उचलून नेले ते सम्राट दुसरा कॉन्स्टन्स याने, आणि सतराव्या शतकात द्वारमंडपाचं ब्राँझ पोप आठवे अर्बन यांनी काढून त्याच्या तोफा ओतवल्या. दोघेही रोमचे वारस म्हणवणारेच होते! सिनेटची इमारत सातव्या शतकात चर्च झाली आणि वाचली. हेड्रियनची समाधी किल्ला म्हणून वाचली.

म्हणून रोमचे अवशेष पाहताना शत्रू शोधत बसण्यापेक्षा ती वास्तू कुणाच्या उपयोगाची उरली होती आणि तिची देखभाल कोण करत होतं, हे विचारायला हवं. जुनी वास्तू जपायची तर हल्लेखोरांविरुद्ध पहारा पुरत नाही. तिला आजच्या जगण्यात काम द्यावं लागतं, देखभालीला पैसा लावावा लागतो आणि कायदा आपल्याच लोकांवर, सत्ताधाऱ्यांवरसुद्धा, चालवावा लागतो. मायोरियनला हे कळलं होतं, पण तीनच वर्षांत त्याची सत्ता आणि जीव दोन्ही गेले, आणि त्याचा कायदा राबवणारं कुणी उरलं नाही.