कुमार गौरवचं पुढे काय झालं? (आणि तुमच्या सिनॉप्सिसचा त्याच्याशी काय संबंध?)



पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्या जवळपास प्रत्येकाची एकच तक्रार असते: "विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही." आज तेवढ्यावरच बोलू, पण प्रयोगशाळा सोडून जरा सिनेमाकडे जाऊ.

आमच्या कॅन्टीनमध्ये एकदा वाद रंगला होता. कुमार गौरव एवढा गाजला होता, मग तो मोठा स्टार का झाला नाही? १९८१ साली 'लव्ह स्टोरी' आला आणि तुफान चालला. पोरं त्याच्यासारखे कपडे घालायला लागली. पुढे तेवढं यश परत आलं नाही. का?

टेबलावर तीन उत्तरं पडली. एक, तो वडिलांच्या, म्हणजे राजेंद्रकुमारच्या जिवावर आला होता. दोन, तो जमाना मारधाडीचा होता, गोड चेहऱ्याचा नव्हता. तीन, नशीब.

तिन्ही उत्तरं पटतात. अडचण तिथेच आहे. निकाल माहीत असताना मागे वळून शोधलेलं कारण नेहमीच पटतं. म्हणून कारण तपासायची एक साधी पद्धत लक्षात ठेवा: तेच कारण दुसऱ्याला लावून बघा.

त्याच १९८१ साली 'रॉकी' आला. संजय दत्तचा पहिला सिनेमा, दिग्दर्शक वडील सुनील दत्त. १९८३ साली 'बेताब' आला, त्यात धर्मेंद्रचा मुलगा सनी देओल. तिघेही स्टारची मुलं, तिघांनाही घरातून पाठबळ. पुढे दोघं मोठे झाले, एक राहिला. जी गोष्ट तिघांमध्ये सारखीच आहे, ती त्यांच्यातला फरक कसा काय समजावणार? पहिलं उत्तर बाद. आता दुसरं. गोड प्रेमकथा तेव्हा चालत नव्हत्या म्हणावं, तर त्याच वर्षी 'एक दूजे के लिए' जोरात चालला, आणि खुद्द 'लव्ह स्टोरी'सुद्धा प्रेमकथाच होती. १९८६ साली तर 'नाम'मध्ये कुमार गौरव आणि संजय दत्त एकत्र होते. सिनेमा चालला, पण लोकांनी जास्त नाव काढलं ते संजय दत्तचं.

आता तुम्ही म्हणाल, मग खरं कारण कुठलं? थांबा. प्रश्नच चुकलाय का ते आधी बघू.

"हा स्टार का झाला नाही?" असं विचारताना आपण गृहीत धरतो की चांगली सुरुवात झाली की स्टार होणं ही पुढची स्वाभाविक पायरी आहे. हे तपासायचं तर सगळ्यांचा हिशेब हवा, फक्त आठवणीत राहिलेल्यांचा नाही. असा हिशेब झालेला आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या ऑलिव्हर विल्यम्स, लुकास लाकासा आणि विटो लातोरा यांनी आयएमडीबीवरची माहिती घेतली. १८८८ पासून २०१६ च्या सुरुवातीपर्यंतचे जगभरातले सुमारे १५ लाख अभिनेते आणि सुमारे ९ लाख अभिनेत्री. हा पेपर २०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. त्यात दिसलं की सुमारे ७० टक्के लोकांची कारकीर्द एकाच वर्षात आटोपते. ज्याला आधीच काम मिळतंय त्यालाच आणखी काम मिळत जातं. कामाची वर्षं सलग येतात, रिकामी वर्षंही सलग येतात. आणि सगळ्यात भरभराटीचं वर्ष बहुतेकदा कारकिर्दीच्या सुरुवातीकडेच असतं. अभिनेत्रींच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसतं.

म्हणजे उलटंच झालं की! मागे पडणं हा नियम आहे आणि टिकणं हा अपवाद. कारण शोधायचंच असेल तर टिकलेल्यांचं शोधावं लागेल.

"नशीब" हे तिसरं उत्तर आपण हसण्यावारी नेलं होतं. त्याचाही प्रयोग झालाय. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा पेपर २००६ साली 'सायन्स'मध्ये आला. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी एका वेबसाइटवर ठेवली आणि १४ हजारांहून जास्त लोकांना वेगवेगळ्या गटांत वाटलं. एका गटाला फक्त गाणी दिसत होती. बाकीच्या आठ गटांना आपल्याच गटात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालंय हेही दिसत होतं. गाणी सगळीकडे तीच, तरी आठ गटांत हिट गाणी वेगवेगळी निघाली. अगदी चांगली गाणी सहसा पडली नाहीत, अगदी वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. थोडक्यात, गुणवत्ता दारापर्यंत आणते. आत कोण बसणार, हे आधी कुणाला टाळ्या मिळाल्या त्यावरही ठरतं.

आता या संशोधनाला आपण उलटे प्रश्न विचारू. कुठलाही पेपर वाचताना ही सवय लावून घ्या.

पहिला प्रश्न, यश कशात मोजलं? आयएमडीबीच्या अभ्यासात माप होतं एका वर्षात मिळालेली कामं. लोकप्रियता नाही, मानधन नाही. ललिता पवार घ्या. मूकपटांच्या काळापासून काम करणारी, नायिका म्हणून नाव झालेली अभिनेत्री. १९४२ च्या सुमारास एका सिनेमाच्या शूटिंगमध्ये सहकलाकाराची थप्पड जोरात बसली आणि डाव्या डोळ्यावर कायमचा परिणाम झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या. 'नायिका' हे माप लावलं तर ही अर्ध्यावर तुटलेली कारकीर्द. पण नंतर त्यांनी शेकडो सिनेमे केले, 'अनाडी'साठी फिल्मफेअर मिळवलं, 'रामायण' मालिकेतल्या मंथरेमुळे त्या घराघरात पोचल्या. 'कामं' हे माप लावलं तर त्या भल्याभल्या स्टारच्या पुढे. व्यक्ती तीच, माप बदललं की निष्कर्ष बदलला.

दुसरा प्रश्न, रेघ थांबली, पण का? सांगलीच्या पटवर्धन घराण्यातली भाग्यश्री १९८९ च्या 'मैंने प्यार किया'तून आली. त्याच सिनेमातून सलमान खान कुठल्या कुठे गेला. तिने लग्नानंतर मोजकेच सिनेमे केले आणि संसाराकडे वळली. आकड्यांत तिची रेघ आणि काम न मिळाल्याने घरी बसलेल्याची रेघ अगदी सारखी दिसेल. डेटामध्ये थांबणं दिसतं, थांबण्याचं कारण दिसत नाही. ते हवं असेल तर माणसांशी बोलावं लागतं.

हे सगळं मी पुस्तकात वाचून शिकलो असं वाटत असेल, तर नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी खारट पाण्यात बिया रुजवत होतो. रुजलेल्या रोपांची मुळं मोजली, सरासरी काढली, आणि खुशीत सरांना सांगितलं की मीठ वाढवलं तरी मुळांवर फारसा परिणाम नाही. सरांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "न रुजलेल्या बिया कुठायत?" मी त्या फेकून दिल्या होत्या, आणि त्या किती होत्या याची नोंदही केली नव्हती. जास्त मिठात फक्त चिवट बियाच रुजल्या होत्या आणि मी त्यांचीच सरासरी काढत बसलो होतो. सगळा प्रयोग परत करावा लागला.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा. माझ्या प्रश्नात नियम कोणता आणि अपवाद कोणता? मी सुचवलेलं कारण ज्यांना लागू होतं, त्या सगळ्यांचं तेच झालं का? मी मोजतोय ते नक्की काय आहे? आणि माझ्या न रुजलेल्या बिया कुठायत?

एक शेवटचं. आमच्या बॅचमधला सगळ्यात हुशार मुलगा दुसऱ्या वर्षी पीएचडी सोडून गेला. विभागात प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं: आळस, गाइडशी पटत नव्हतं, घरची परिस्थिती. मीही एक कारण छातीठोकपणे सांगत फिरायचो. त्याला फोन करून विचारलं मात्र नाही कुणी, मीही नाही. तुमच्यातल्या काहींचा पहिला प्रयोग फसेल, काहींचा पहिला पेपर गाजेल आणि दुसरा परत येईल. तेव्हा कॅन्टीनमधली कारणं स्वतःला चिकटवून घेऊ नका. आणि दुसरं कुणी मागे पडलं, तर कारण ठरवण्याआधी त्याला फोन करा.

मी केला, पण दोन वर्षांनी. त्याने सांगितलेलं कारण आमच्या यादीत नव्हतं.