शरदातील शिंका आणि सर्दीची गोळी

पाऊस ओसरून ऊन तापू लागले की पुण्यात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात : नवरात्राची साफसफाई आणि शिंका. ‘हवा बदलली’ असे म्हणून आपण हा विषय संपवतो. पण नाकाला खरा त्रास होतो तो हवेत मिसळलेल्या गोष्टींचा. पावसात माजलेले गवत याच सुमारास फुलोऱ्यावर येते. त्यात गाजर गवत आघाडीवर. भारतात या तणाचा उपद्रव प्रथम ध्यानात आला तो १९५५ च्या सुमारास, पुण्यातच. त्याच्या परागकणांनी शिंका येतात आणि स्पर्शाने पापण्या, मान व कोपरांच्या खोबणीत तीव्र खाज सुटते. सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांनी मोकळ्या भूखंडाकडेची वाट सोडून डांबरी रस्ता धरावा, घरी परतताच हात-तोंड धुवावे.

घरात ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी असते, गाद्या-गोधड्यांत धुळीतील सूक्ष्म कीटक. माळा झाडताना ज्येष्ठांना दुसऱ्या खोलीत बसवावे आणि झाडूऐवजी ओले फडके वापरावे. ‘मीच करते’ म्हणणाऱ्या आजींना आवरणे कठीण, हे मी जाणतो. निदान नाकातोंडावर मास्क तरी असावा.

मला अधिक चिंता वाटते ती शिंकांवर घेतल्या जाणाऱ्या गोळीची. दुकानातून सहज मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामीन असते. तरुणाला त्याने नुसती झोप येते. सत्तरीच्या माणसाला गुंगी येते, रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, बद्धकोष्ठ वाढते, क्वचित बोलण्यात असंबद्धता येते. काचबिंदूच्या काही रुग्णांत डोळ्यातील दाब अचानक वाढतो. त्याच गोळीत फिनाइलेफ्रीनही असले तर रक्तदाब वाढण्याची भीती. फेक्सोफेनाडीनसारख्या नव्या औषधांनी गुंगी कमी येते. मात्र मूत्रपिंड दुर्बल असल्यास त्यांचीही मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

नाकातील स्टिरॉइडचा फवारा पुष्कळांना भीतिदायक वाटतो. वस्तुतः योग्य मात्रेत त्याचा फारच थोडा अंश रक्तात उतरतो आणि वृद्धांना तो गोळीपेक्षा बहुधा मानवतो. परिणाम दिसायला काही दिवस लागतात. दोन दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून सोडू नये. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत व डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारावा, म्हणजे मधल्या पडद्यावर जोर बसून रक्त येत नाही. चोंदलेले नाक झटपट मोकळे करणारे थेंब ही वेगळी वस्तू. ते तीन-चार दिवसांपलीकडे वापरल्यास नाक अधिकच चोंदते.

साठीनंतर प्रथमच दम लागू लागला तर त्याला ॲलर्जी समजून घरी थांबू नये. रात्री झोपेतून घुसमटून उठून बसावे लागणे, पावलांवर सूज येणे, ही हृदय थकल्याची लक्षणे असू शकतात. तसेच ॲलर्जीने डोळे खाजतात. डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

दिवाळीत फटाक्यांचा धूर याच्यावर भर घालतो. त्या दिवसांत संध्याकाळनंतर खिडक्या बंद ठेवाव्यात. दम्याचा पंप उशाशी असावा, आणि त्यावरील मुदतीची तारीख वसुबारसेपूर्वीच पाहून ठेवावी.