सुईआधीचा हात

ड्राय नीडलिंगची सुई जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची असते. आतून भरीव, त्यामुळे तिच्यातून औषध जाण्याचा प्रश्नच नाही. स्नायूत जिथे आखडलेली, दाबली की कळ मारणारी गाठ लागते, तिथे ती टोचतात. क्लिनिक शोधणारे बहुतेक जण फोनवर दोनच गोष्टी विचारतात: दुखेल का, आणि एका वेळचे किती घेता. मला विचारावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. सुई उघडण्याआधी तुम्ही पेशंटला किती वेळ तपासता?

माझा खांदा धरला होता, म्हणून पुण्यातली काही क्लिनिकं पाहिली. एका ठिकाणी कुणी हातही लावला नव्हता, तोच काउंटरवर दहा वेळांचं पॅकेज पुढे आलं. आगाऊ भरलं तर सवलत. जे दुखणं अजून कुणी पाहिलंच नाही, त्याला किती वेळा सुया लागतील हे काउंटरवर कसं ठरतं? मी तिथून निघाले. पुढे ज्या फिजिओथेरपिस्टकडे गेले, तिने आधीच्या पेशंटला विचारून मला त्यांची तपासणी बघू दिली.

त्या काकू शिवणकाम करणाऱ्या. उजवा खांदा पुढच्या बाजूने ठणकत होता, कळ दंडापर्यंत उतरत होती, त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. "इथंच, अगदी इथं," असं म्हणत त्या बोट पुढेच ठेवत होत्या. फिजिओने त्या जागेकडे लगेच पाहिलं नाही. आधी मान चारी बाजूंनी फिरवायला लावली. बोटांना मुंग्या येतात का, वस्तू हातातून पडतात का, हे विचारलं. "काकू, शुगर आहे का? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" मग कोपर अंगाशी धरून हात स्वतः बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला. सांधाच आखडला असेल, तर हात दुसऱ्याने वळवला तरी वळत नाही; मधुमेह असलेल्यांमध्ये असा खांदा जास्त आढळतो, आणि मग उपचाराची दिशाच बदलते. काकूंचा हात सहज वळला.

यानंतर ती मागे गेली आणि खवाट्यावर अंगठा फिरवू लागली. घाई नव्हती. बोटांखाली स्नायूचे ताणलेले पट्टे एकेक करून चाचपत होती. एका जागी अंगठा थांबला, जरा दाबला, आणि काकू दचकल्या, "अगं बाई, हीच कळ! पण पुढं येतेय!"

खवाट्यावरच्या त्या स्नायूचं दुखणं खांद्याच्या पुढच्या बाजूला जाणवतं, हे जाणकारांना ठाऊक असतं. कुठल्या स्नायूची कळ कुठे उमटते याचे तपशीलवार नकाशे जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी मांडले. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड 1983 मध्ये आला. ट्रॅव्हेलबाई राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या. त्या काळात अशा गाठींमध्ये भूल देणारं औषध टोचत. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979 मध्ये मांडलं, की आराम पडतो तो टोचण्यानेच, औषध नसलं तरी चालतं. मात्र या गाठी नेमक्या काय असतात, यावर अजून तज्ज्ञांचं एकमत नाही. सुईने मिळणाऱ्या आरामाचे पुरावेही मुख्यतः थोड्या काळापुरतेच आहेत. म्हणून 'कायमचं बरं करू' अशी पाटी दिसली, की मला त्या दारातून आत जावंसं वाटत नाही.

सुईची वेळ आली तेव्हा तिने हात धुतले, हातमोजे चढवले, त्वचा पुसली. बंद पाकीट काकूंसमोर फोडलं. प्लॅस्टिकची बारीक नळी त्वचेवर टेकवून सुईच्या डोक्यावर टिचकी मारली आणि नळी काढून घेतली. सुई थोडी आत-बाहेर करताच स्नायू क्षणभर उडाला. मला बसल्या जागेवरून दिसला. काकूंचा श्वास अडकला आणि मग सुटला. वापरलेली सुई थेट भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात गेली. हा डबा खोलीत दिसलाच पाहिजे, आणि सुई पुन्हा कुणालाही वापरायची नाही, अगदी त्याच पेशंटलाही नाही.

खवाट्यावरच्या स्नायूखाली हाडाचा आधार असतो. मान आणि खांदा यांमधल्या भागाचं तसं नाही. तिथून फुप्फुसाचं टोक फार लांब नसतं. तिथला स्नायू चिमटीत उचलून धरायचा आणि सुई चिमटीतल्या स्नायूतच ठेवायची, छातीच्या दिशेने न्यायची नाही. चुकलं तर फुप्फुसाभोवती हवा शिरू शकते. असं क्वचितच होतं, पण छातीत दुखणं किंवा धाप लागणं काही तासांनीही सुरू होऊ शकतं, आणि तसं झालं तर तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. माझ्या त्याच भागाला हात लावण्याआधी तिने हे मला स्पष्ट सांगितलं आणि संमतीवर सही घेतली. ऐकून भीती वाटली, पण विश्वासही तिथेच बसला. जो हा धोका सांगत नाही, त्याच्याकडून मानेजवळ सुई लावून घेऊ नये, असं मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. पदवी, राज्य परिषदेकडची नोंदणी आणि नीडलिंगचं वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं, हे विचारायलाही संकोच करू नये. चांगला माणूस चिडत नाही.

काकूंना तिने सांगितलं, की एक-दोन दिवस ती जागा मार लागल्यासारखी दुखेल, हात मात्र वापरता ठेवा. दोन व्यायाम समोर करून घेतले, चुकले तिथे पुन्हा करायला लावले. दोन-तीन वेळांत फरक पडला नाही तर सुया थांबवून दुसरं कारण शोधू, हे फाइलमध्ये लिहिलं. मग मशीनची चौकशी सुरू झाली: स्टूल किती उंच, कापड कुठल्या हाताने ओढता, सलग किती वेळ बसता. काकूंना नीट सांगता येईना. "पुढच्या वेळी सूनबाईंना मशीनवर बसलेला तुमचा फोटो काढायला सांगा," ती म्हणाली, "बाजूने काढायचा, म्हणजे कोपर दिसेल."