दुर्बिणीची पारख (लेखांक ४) : बेताच्या पैशांत

मागील लेखांकात दुर्बिणीवर कोरलेल्या दोन आकड्यांचा तपशील आपण पाहिला. पहिला वर्धनाचा व दुसरा वस्तुभिंगाच्या व्यासाचा, एवढे ध्यानी असले म्हणजे आता खर्चाच्या प्रश्नाकडे वळण्यास हरकत नाही.

बेंगळूरच्या लालबागेत, १८८९ साली पायाभरणी झालेल्या काचघराजवळ, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पक्षिनिरीक्षकांनी जमण्याचा प्रघात जुना आहे. अशा मेळाव्यात प्रथमच येणारा गृहस्थ बहुधा १२ किंवा १६ वर्धनाच्या मोहात पडलेला असतो, आणि दाट पर्णभारात हालले ते पान की तांबट, याचा निवाडा करण्याची वेळ आली म्हणजेच त्याला उमगते की प्रतिमेबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढला आहे. व्यासास वर्धनाने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशपुंजाची रुंदी मिळते : ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, तर खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये केवळ अडीच. भर उन्हात बाहुली आकुंचित असल्याने हा भेद जाणवत नाही. परंतु पक्षी ज्या वेळी सर्वाधिक बोलके असतात त्या झुंजुमुंजू उजेडात बाहुली विस्फारते, आणि लहान दुर्बिणीचा कोतेपणा उघडा पडतो.

माझी शिफारस मात्र आकड्यांहून अधिक लोलकांविषयी आहे. इग्नाझिओ पोरो या इटालियन अभियंत्याने १८५४ साली ज्या रचनेचे पेटंट घेतले, ती जुन्या वळणाच्या, बाक असलेल्या दुर्बिणींत आजही आढळते. तिच्या लोलकांत प्रकाशाचे पूर्ण परावर्तन आपोआप घडते. सरळ नळ्यांच्या सुबक दुर्बिणींतील छप्परी लोलकांत एका पृष्ठावर बहुधा आरशासारखा लेप द्यावा लागतो, आणि छपराच्या कडेवर दुभंगणाऱ्या प्रकाशाची कला जुळविण्यासाठी निराळाच लेप लागतो. हे सोपस्कार खर्चिक, म्हणून स्वस्त मालात नेमकी त्यांवरच काटकसर होते. दहा हजार रुपयांच्या आतबाहेर तजवीज असेल, तर ऑलिंपस किंवा निकॉन यांच्या पोरो पद्धतीच्या ८×४० वा ८×४२ दुर्बिणी आधी हाताळून पाहाव्यात. रूपाचा आग्रह धरणाऱ्यांशी माझे जमत नाही.

दुकानात खातरजमा करण्याचे उपाय साधे आहेत. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे नेत्रिका पाहावी : प्रकाशाचे वर्तुळ निखळ गोल असावे, कडा कापल्यागत चौकोनी व करड्या दिसल्या, तर लोलकांची काच हलकी समजावी. मग दारात उभे राहून आकाशाच्या पार्श्वभूमीवरील विजेच्या तारेकडे पाहावे. तिला जांभळी-हिरवी झालर किती हे कळते, आणि थोडा वेळ पाहून डोळे ओढल्यासारखे वाटले तर दोन नळ्यांचा मेळ बिघडलेला आहे असे मानून ती दुर्बीण, कितीही सवलतीत मिळाली तरी, परत करावी.

चष्मा लावणाऱ्यांस मात्र अपवाद करणे प्राप्त आहे. स्वस्त पोरो दुर्बिणींत डोळा नेत्रिकेपासून फार दूर ठेवता येत नाही. हे अंतर पंधरा मिलिमीटरांहून कमी असेल तर चष्म्यातून दृश्याच्या कडा हरवतात, म्हणून अशा वाचकांनी थोडा अधिक पैसा जमवून छप्परी लोलकांचीच वाट धरावी. शिवाय स्वस्त पोरो दुर्बिणी सहसा जलरोधक नसतात. पावसाळ्यातील दमट हवेत भिंगांस बुरशी धरते, आणि ती काढण्याची मजुरी पुष्कळदा दुर्बिणीच्या किमतीस भिडते. तेव्हा खरेदीच्या दिवशीच एक हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या घ्याव्यात, हा किरकोळ खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.