परोपकाराला पारितोषिक असावे काय?

परोपकारी विद्यार्थ्याला दरवर्षी एक पारितोषिक द्यावे, अशी सूचना काही पालकांकडून आमच्याकडे आली. ती सद्हेतूने केलेली आहे, यात संशय नाही. तथापि तिला होकार देण्यापूर्वी मुलांच्या ठिकाणी ही वृत्ती वाढते कशी, याचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

समजा, नामपल्ली स्थानकावर मुंबईची गाडी सुटण्याच्या बेतात आहे आणि एका आजीबाईंना आपली ट्रंक डब्यात चढविता येत नाही. तीन मुले धावून जातात. का, असे मागाहून विचारता पहिला म्हणतो, "गुरुजी पाहत होते ना!" दुसरा म्हणतो, "चांगली मुले असेच करतात." तिसरा म्हणतो, "त्यांची गाडी चुकली असती." ट्रंक तिघांनीही उचलली, परंतु तिघांची मने एकाच पायरीवर उभी नाहीत.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात या पायऱ्यांचा शोध घेतला. ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाकडून दार उघडताना, नकळत, पंधरा कप फुटले. दुसऱ्याकडून चोरून मुरंबा काढताना एकच फुटला. अधिक दोषी कोण? लहान मुले बहुधा पंधरा कपांकडे बोट दाखवीत. मोठी मुले हेतू पाहू लागत. अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ साली हाच धागा पुढे नेला: आधी शिक्षेचे भय, मग इतरांची शाबासकी, मग नियमांचा आदर आणि क्वचित नियमापलीकडचे तत्त्व. (त्यांच्या त्या अभ्यासात मुली मुळीच नव्हत्या! कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली या एकांगीपणावर नेमके बोट ठेवले.)

ती शेवटची पायरी आमच्या शहराने पाहिलेली आहे. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. गीत सोडण्यापेक्षा अनेकांनी विद्यापीठातून काढले जाणे पत्करले. शिक्षेचे भय होते, शाबासकीची आशा नव्हती आणि नियमही विरुद्ध होता. पुढे नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतले. घर, गाव आणि शिकण्याची भाषा एका निर्णयाने बदलणे ही विशीच्या आतबाहेरच्या मुलांना लहान गोष्ट नव्हे.

परंतु विचार पटला म्हणजे हात पुढे होतोच असे नाही. न्यूयॉर्कमधील एका प्रयोगात (१९६८) विद्यार्थ्यांना शेजारच्या खोलीतील माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकविला. ऐकणारे आपण एकटेच, अशी समजूत असलेल्यांपैकी शेकडा ८५ जण मदतीस उठले. आणखी चौघे ऐकत आहेत, असे वाटणाऱ्यांपैकी केवळ ३१. फलाटावरील गर्दीत आजीबाईंची ट्रंक तशीच का राहते, याचे उत्तर येथे सापडते. प्रत्येकाला वाटते, दुसरा उचलील.

आता पारितोषिकाकडे येऊ. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली दाखविले की, दीड वर्षाची बालकेसुद्धा एखाद्याच्या हातून पडलेली वस्तू आपण होऊन उचलून देतात. कारणे सांगण्याची बुद्धी मागाहून येते, हात आधीच पुढे होतो. दोन वर्षांनी त्यांनी काही बालकांना अशा मदतीबद्दल खेळणे दिले, काहींची नुसती स्तुती केली, काहींना काहीच दिले नाही. पुढे मदत कमी झाली ती खेळणे मिळालेल्यांची.

शाळेतील मुलांना हे जसेच्या तसे लागू पडेल, असा आमचा आग्रह नाही. तरीही, या वर्षी पारितोषिक ठेवू नये, असे आम्हांस वाटते. सूचना करणाऱ्या पालकांना आमची एक विनंती आहे. मुलाने आजारी मित्राला आपली वही नेऊन दिली, तर खाऊसाठी पैसे देण्याऐवजी, वही पाहून मित्र काय म्हणाला, हे त्याला विचारावे.