टूथपेस्टनं सीडीवरचे ओरखडे जातात का? आधी मोजा, मग घासा

असोदा म्हटलं की लोकांना बहिणाबाई आणि भरिताची वांगी आठवतात. मी आज तिथल्या कपाटांतल्या जुन्या सीड्यांबद्दल लिहितोय. २००० नंतरची काही वर्षं आपल्याकडे लग्नाचं शूटिंग व्हीसीडीवर मिळायचं. अहिराणी गाणी आणि मालेगावचे विनोदी सिनेमेही सीडीवरच घरोघरी फिरले. आता त्या सीड्या मधेच अडकतात, चित्राचे चौकोन होतात, आणि कुणीतरी सांगतं, "टूथपेस्ट लाव, होईल नीट."

हा उपाय खोटा नाही. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट. लेझर खालून, ७८० नॅनोमीटरचा, या प्लास्टिकमधून वर जातो आणि लेबलखालच्या चकचकीत थरावरून परततो. माहिती त्या थरापाशी आहे, खालच्या पृष्ठभागावर नाही. ओरखड्याच्या धारदार कडांमुळे प्रकाश भलतीकडे वळतो, एवढंच. टूथपेस्टमधली बारीक भुकटी (खडू किंवा सिलिका) त्या कडा झिजवते. ओरखडा पूर्ण जात नाही, पण प्रकाशाला वाट मिळते.

घासायचं मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल अजिबात नाही. कारण बघा: माहितीची वाट गोल फिरते आणि एक सेक्टर तिच्यावर साधारण १७ मिलिमीटर जागा घेतो. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीला एका बिंदूत कापतो, आणि सीडीतली चूक-दुरुस्तीची योजना सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग खाच भरून काढू शकते. वाटेच्या दिशेनं गेलेला दोन सेंटीमीटरचा ओरखडा मात्र अख्खा सेक्टर गिळतो. डेटा सीडीत दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. व्हीसीडीनं जास्त व्हिडिओ मावावा म्हणून तो सोडून दिला, म्हणून लग्नाची सीडी जास्त नाजूक.

इथपर्यंत कुठल्याही व्हिडिओत सापडेल. संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी मला खरा रस पुढच्या गोष्टीत आहे. "टूथपेस्ट लावली आणि चालली" हा पुरावा आहे का?

नाही. टूथपेस्ट लावणारा माणूस सीडी धुतो, पुसतो, पुन्हा ड्राइव्हमध्ये घालतो. म्हणजे एका वेळी तीन गोष्टी बदलल्या. बोटांचे तेलकट ठसे साबणाच्या पाण्यानंच गेले असतील. शिवाय तीच सीडी त्याच ड्राइव्हमध्ये दोनदा वाचली तरी न वाचलेल्या सेक्टरांचा आकडा कमीजास्त होतो. हा फरक किती, हे माहीत नसेल तर नंतर आलेली सुधारणा कशाची म्हणणार?

म्हणून क्रम असा ठेवा. आयसोबस्टरसारख्या प्रोग्रॅमनं सीडी जशी आहे तशी वाचा, जेवढं निघेल तेवढं कॉपी करा, न वाचलेले सेक्टर लिहून ठेवा. तोच ड्राइव्ह, तोच वेग, तीन वेळा. मग सौम्य साबण आणि पाण्यानं धुऊन मऊ सुती कापडानं वाळवा, परत तीनदा वाचा. मग दुसऱ्या कुणाचा ड्राइव्ह मिळाला तर तोही लावून बघा. पुष्कळदा घासायची वेळच येत नाही. एवढं करूनही सेक्टर राहिले, तरच पांढरी साधी टूथपेस्ट (जेल नको), हलक्या हातानं. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर चुकूनही नको, पॉलिकार्बोनेट धुरकट होऊन तडकतं.

घासणं ही परत न फिरवता येणारी पायरी आहे आणि लग्नाच्या सीडीची घरात बहुतेक एकच प्रत असते. प्रयोगशाळेतला एकमेव नमुना आपण असाच आधी मोजतो, मग त्याला हात लावतो. आत्याच्या लग्नाच्या सीडीला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे? सराव करायचा तर गाण्यांची एखादी टाकाऊ सीडी घ्या, मुद्दाम ओरखडा पाडा. अर्धा भाग घासा, अर्धा तसाच ठेवा. कंट्रोल घरबसल्या मिळाला.

एक तपासणी मात्र सगळ्यांच्या आधी. सीडी दिव्यासमोर धरा. लेबलच्या बाजूनं टाचणीएवढ्या भोकांतून उजेड आला, तर चकचकीत थरच गेलाय. माहिती लेबलपासून केसाच्या अंतरावर असते. त्यावर टूथपेस्टचा काही उपयोग नाही. घरी बर्न केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हानं उडाला असेल तरीही तेच. अशा सीडीतून पहिल्या वाचनात जे निघालं, ते दोन ठिकाणी जपून ठेवा.