खडा ठेवायचा, तांदूळ फेकायचे

कंपायलरचं रोजचं काम म्हणजे प्रोग्रामरच्या चुका दाखवणं. अमुक ओळीत अर्धविराम राहिला, तमुक नाव आपल्याला ठाऊक नाही, असं तो सांगतो आणि आपण निमूटपणे दुरुस्त करतो. पण क्वचित कधी सी प्लस प्लसचा कोड जीसीसी या कंपायलरला द्यावा आणि पडद्यावर ‘इंटर्नल कंपायलर एरर’ अशी ओळ उमटावी. त्यापुढे फाइलचं नाव असतं ते आपल्या नव्हे, कंपायलरच्या स्वतःच्या सोर्समधल्या फाइलचं. खाली विनंती असते की सविस्तर बग रिपोर्ट पाठवा, जमल्यास प्रीप्रोसेस केलेला कोड जोडा. म्हणजे या खेपेला चूक त्याची आहे, आणि तो ती कबूलही करतोय.

त्या ओळीत पुष्कळदा दिसणारं नाव म्हणजे पीटी.सीसी. जीसीसीतली टेम्प्लेटची सगळी उस्तवार ही एक फाइल करते, आणि तिच्यात तीस हजारांहून जास्त ओळी आहेत. एवढ्या उस्तवारीला कारण आहे. टेम्प्लेट मुळात आलं ते साच्यासारखं वापरायला: यादी एकदाच लिहा, मग ती पूर्णांकांची करा नाहीतर नावांची. पण १९९४ साली सॅन दिएगोत सी प्लस प्लसच्या प्रमाणीकरण समितीची बैठक होती, आणि तिथे एर्विन उनरू यांनी एक विचित्र प्रोग्राम दाखवला. तो कंपाइलच होत नव्हता. मात्र कंपायलरने काढलेल्या एररच्या मजकुरात ओळीने मूळ संख्या दिसत होत्या. प्रोग्राम चालायच्या आधीच, कंपायलरच्या पोटात, टेम्प्लेटने हिशोब केला होता. पुढे टॉड वेल्डहाउझेन यांनी टेम्प्लेट ट्यूरिंग-पूर्ण असल्याचं दाखवलं. म्हणजे हा साचा नसून भाषेच्या आत राहणारी दुसरी भाषाच निघाली, आणि तीही कोणी ठरवून न घडवलेली. तिच्यातला हिशोब संपेल की नाही हे कुठलाच कंपायलर आधी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून मग मर्यादा घालाव्या लागतात. टेम्प्लेटमधून टेम्प्लेट असं किती खोल जायचं, तर जीसीसी ९०० पायऱ्यांवर थांबतो आणि क्लँग हा दुसरा कंपायलर १०२४ वर.

कोडकडून कोड लिहून घेण्याच्या या प्रकाराला मेटाप्रोग्रामिंग म्हणतात. त्यातला कंपायलरचा बग साध्या बगपेक्षा जास्त छळतो. टेम्प्लेट लिहिलेलं असतं एका फाइलीत, ते वापरलं जातं तिसऱ्याच ठिकाणी, आणि कंपायलर कोसळतो तो या दोहोंच्या मधे कुठेतरी. ‘इथून मागवलं’, ‘त्याआधी तिथून मागवलं’ अशी एररची शेपटी पन्नास-साठ ओळी लांबते, आणि त्यातलं एकही ठिकाण धड गुन्हेगार नसतं. त्याहून अवघड भाग म्हणजे भाषेचा एक नियम. अनेक टेम्प्लेटपैकी कुठलं लागू पडतं हे ठरवताना एखाद्यात टाइप बसला नाही, तर ती चूक धरायची नाही. कंपायलरने तो पर्याय गुपचूप सोडून पुढे जायचं. वाचकांपैकी सी प्लस प्लसवाल्यांनी ‘स्फिने’ हे नाव ऐकलं असेल, तेच हे. हा नियम राबवणाऱ्या भागातच खोट असली की कंपायलर ओरडतही नाही आणि कोसळतही नाही. तो भलतंच फंक्शन निवडतो आणि प्रोग्राम खुशाल चालतो. माझ्या मते कोसळणारा बग हा सज्जन बग, कारण तो निदान हजेरी तरी लावतो.

आता रिपोर्ट पाठवायचा म्हटला तर काय पाठवायचं? कोडमध्ये सुरुवातीला फक्त आयोस्ट्रीम हे एक हेडर घेतलं असलं, तरी प्रीप्रोसेसरमधून बाहेर पडणारी फाइल पंचवीस-तीस हजार ओळींची होते. मोठ्या प्रकल्पात ती लाखांत जाते. एवढी फाइल पाहून बग दुरुस्त करणारा माणूस टॅब बंद करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. इथे हवी असते छाटणी. घरातली पाखडणी आठवा, फक्त उलटी. इथे तांदूळ फेकायचे आणि खडा ठेवायचा. कोड अर्धा कापा, कंपायलर अजून कोसळतो का पाहा. कोसळला तर कापलेलं अर्धं कायमचं टाका, नाहीतर ते परत घ्या आणि दुसरीकडे कापा. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात डोकं कमी आणि चिकाटी जास्त लागते. म्हणून ते यंत्राकडे गेलं.

या छाटणीला शिस्त लावली आंद्रेआस झेलर यांनी. त्यांच्या पद्धतीचं नाव डेल्टा डीबगिंग. राल्फ हिल्डेब्रांट यांच्याबरोबरच्या २००२ च्या लेखातलं उदाहरण अजून सांगितलं जातं: मोझिला ब्राउझरला पाडणारं ८९६ ओळींचं एचटीएमएल पान त्यांच्या प्रोग्रामने आपोआप एका ओळीवर आणलं. पण सी किंवा सी प्लस प्लसला नुसती ओळीवार कात्री चालत नाही. एक कंस उडाला की सगळी फाइल निरर्थक होते. एक टाइप उडवला की त्यावर लटकलेली शंभर ठिकाणं फुटतात.

युटा विद्यापीठात जॉन रेगेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सी-रिड्यूस नावाचं यंत्र बांधलं आणि २०१२ साली पीएलडीआय परिषदेत त्यावर लेख मांडला. त्याआधी याच गटाने सीस्मिथ बनवलं होतं. ते यादृच्छिक सी प्रोग्राम तयार करून कंपायलरवर मारत असे, आणि त्याच्या जोरावर ३२५ हून जास्त अज्ञात बग कळवले गेले. असे प्रोग्राम वाचणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं, त्यामुळे छाटणीचं यंत्र ही त्यांची स्वतःचीच गरज होती. लेखातल्या आकडेवारीनुसार सी-रिड्यूसचा निकाल त्यांच्याच इतर छाटणी प्रोग्रामपेक्षा आणि कंपायलरवाल्यांच्या नेहमीच्या वापरातल्या साधनापेक्षा सरासरी पंचवीस पटींहून जास्त लहान निघाला. गुपित असं की हे यंत्र केवळ अक्षरं कापत नाही, त्याला भाषा कळते. त्याच्या एका भागात क्लँगच बसवलेला आहे. टेम्प्लेटच्या जागी साधा क्लास घालून पाहा, टेम्प्लेटचा एक पॅरामीटर कमी करून पाहा, टाइपच्या जागी इंट टाका, पालक क्लास काढून टाका, अशी डझनावारी रूपांतरं त्याच्याकडे आहेत. काही बदलेनासं झालं की थांबायचं, तोवर फेऱ्या चालूच. अनेक प्रोसेसर दिले तर ते एकाच वेळी बऱ्याच काटछाटी करून बघतं. पुढे याचाच नवा अवतार सी-व्हाइज या नावाने पायथनमध्ये लिहिला गेला.

एवढं सगळं असूनही खरी मेख माणसाकडेच राहते, ती म्हणजे एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये. यंत्र प्रत्येक काटछाटीनंतर या स्क्रिप्टला विचारतं: बग अजून आहे का? आहे तर स्क्रिप्ट शून्य परत करते, नाही तर दुसरं काही. पहिल्या ओळीत जीसीसी चालवायचा, दुसरीत त्याने दिलेल्या मजकुरात ग्रेपने ‘इंटर्नल कंपायलर एरर’ शोधायचं. नवशिका एवढ्यावर थांबतो आणि रात्रभर यंत्र चालू ठेवतो. सकाळी हातात येतात अर्धवट कंसांच्या चार ओळी, ज्यांवर जीसीसी कोसळतो खरा, पण त्या बगशी मूळ बगचं नातंच नसतं. छाटताना यंत्र एका बगवरून घसरून दुसऱ्या, जास्त सोप्या बगवर गेलेलं असतं. म्हणून जाणकार स्क्रिप्टमध्ये आणखी अटी घालतात. जीसीसी कुठल्या फंक्शनमध्ये कोसळला त्याचं नावही जुळलं पाहिजे. तोच कोड क्लँगने बिनतक्रार घेतला पाहिजे. आणि मेटाप्रोग्रामिंगमध्ये विसरून चालणार नाही अशी अट म्हणजे वेळेची आणि मेमरीची मर्यादा. टेम्प्लेटमधला रिकर्शन थांबवणारा जो खास तुकडा असतो, तो यंत्र बिनदिक्कत उडवतं. मग कंपायलर फुगत जातो आणि अख्खं मशीन खाऊन टाकतो.

सगळं नीट जमलं तर उरतात दहा-बारा ओळी. क्लासना ए, बी अशी नावं, फंक्शनला एफएन१. तीस हजार ओळींतलं सगळं प्रयोजन, कुणाची कंपनी, कुठला प्रकल्प, सगळं निघून गेलेलं. उरलेल्या कोडला काही अर्थ नसतो आणि तो लागतही नाही. यावर माणसाचा हात एकदा फिरवावा लागतोच, कारण यंत्राने इंटच्या जागी काहीतरी विचित्र ठेवलेलं असतं आणि ते वाचणाऱ्याला चकवतं.

मग प्रश्न येतो कधीपासूनचा. जुन्या जीसीसीत हेच चालत होतं का? मॅट गॉडबोल्ट यांच्या कंपायलर एक्स्प्लोररमध्ये त्या दहा ओळी टाकून आवृत्त्या बदलत गेलं की उत्तर मिनिटभरात मिळतं. नेमका बदल शोधायला गिट बायसेक्ट. दहा हजार बदलांमधून दोषी शोधायला चौदा वेळा कंपायलर बांधावा लागतो. प्रत्येक बांधणीला वेळ जातो, पण अशा वेळी चहा होतो. दोषी बदल सापडला की जीडीबी हा डीबगर लावून तो नेमका कुठे चुकला ते पाहायचं. टेम्प्लेटच्या झाडात टाइप बसवत खाली उतरणारं फंक्शन कुठल्या फांदीवर गोंधळलं, एवढाच मग प्रश्न उरतो.

डी या भाषेतही मेटाप्रोग्रामिंगचा धंदा जोरात आहे. तिथे मजकुराची स्ट्रिंग थेट कोड म्हणून भाषेत मिसळता येते. एररमध्ये मग फाइलच्या नावापुढे ‘मिक्सिन’ असं येतं आणि ओळीचा आकडा अशा कोडकडे बोट दाखवतो जो कुठल्याच फाइलीत नसतो. कंपायलरला एक पर्याय दिला तर तो हा सगळा तयार झालेला कोड फाइलीत उतरवून देतो. आधी ते करावं, मग डस्टमाइट हे छाटणीचं यंत्र चालवावं. व्लादिमीर पँतेलेयेव यांचं डस्टमाइट भाषेचे अर्थ जाणत नाही, फक्त वाक्यांची आणि कंसांची रचना पाहून फांद्या तोडतं, तरी उपयोगी पडतं.

आपल्याकडे कंपायलरच्या या पोटातल्या कामाची ओळख करून देण्याचा मोठा प्रयत्न पवईत झाला. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखाली जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं आणि जीसीसीची आतली रचना शिकवणाऱ्या कार्यशाळा भरल्या. अशा शिक्षणाची जागा सर्वसाधारण अभ्यासक्रमात आजही दिसत नाही. कंपायलरचा पेपर असतो, पण त्यात खरा कंपायलर सहसा उघडला जात नाही.

सगळेच बग काही कोसळण्याचे नसतात. ‘वैध कोड नाकारला’ असा आरोप करायचा, तर वैध कोण ठरवणार? जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर यांपैकी दोघं एका बाजूला म्हणजे तेच बरोबर, असं मुळीच नाही. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर कित्येक वर्षं टेम्प्लेटमधली नावं भाषेच्या प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) सांगितल्याप्रमाणे दोन टप्प्यांत तपासतच नव्हता. ती सोय व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ च्या एका सुधारणेत आली. निवाडा प्रमाणाच्या मजकुरातच शोधायचा असतो, आणि कधी तो मजकूरच दोन तोंडांनी बोलतो. मग बग ‘स्थगित’ म्हणून पडून राहतो. समितीने शब्द स्पष्ट केल्याशिवाय कुणाचीच दुरुस्ती पुढे सरकत नाही.

जून २०२५ मध्ये सोफियाच्या बैठकीत समितीने सी प्लस प्लस २६ मध्ये रिफ्लेक्शन घेतलं. कोड आता स्वतःचे टाइप, सदस्य, नावं कंपाइल होतानाच तपासू शकेल. बग शोधणाऱ्यांच्या दृष्टीने यात एक नवी अडचण आहे. जो कोड आपल्या सदस्यांची नावं वाचून निर्णय घेतो, त्यात यंत्राने सोयीसाठी नाव बदलून ए केलं तर वागणूकच बदलेल. छाटणीतला सगळ्यात बिनधोक समजला जाणारा बदलही मग स्क्रिप्टकडून तपासून घ्यावा लागेल.

दुरुस्ती झाल्यावर त्या दहा ओळींचं काय होतं? जीसीसीच्या चाचणी संचात सी प्लस प्लसच्या फोल्डरमध्ये त्यांची एक फाइल होते. वर कॉमेंटमध्ये बगचा क्रमांक, खाली कुठल्या प्रमाणावर ती कंपाइल झाली पाहिजे याची एक सूचना. कंपायलरमध्ये कोणी काही बदल केला की तो पाठवण्याआधी हा संच चालवून दाखवावा लागतो, आणि ए, बी, एफएन१ ची ती फाइल पुन्हा एकदा कंपाइल होते.